टॅलीवाला, ईआरपीवाला, मशीनवाला: कंपनीचा रिमोट ॲक्सेस बाहेरच्याला देताना

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीमध्ये मशीन शॉप आहे. ऑफिसात अकरा कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर, शॉप फ्लोअरवर तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं. टॅलीवाले भाई एनीडेस्कचा (दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरचा) पासवर्ड स्वतःकडे ठेवून हवं तेव्हा आत येतात. पुण्याची ईआरपी कंपनी (अख्ख्या धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर देणारी) म्हणते, स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घ्या आणि राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून द्या. राजकोटचा मशीनवाला नव्या मशीनच्या पॅनेलमध्ये सिमकार्डचा राउटर बसवूनच देणार आहे. तिघांनाही नाही म्हटलं तर काम अडतं. मग धोका नेमका कशात आहे, आणि काम चालू ठेवून तो आवरायचा कसा?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. ईआरपीवाल्याची मागणी आहे त्या रूपात अजिबात मान्य करू नका; त्याच्यासाठी वेगळा रस्ता खाली दिला आहे. टॅलीवाल्याचं एनीडेस्क राहू द्या, पण पासवर्ड त्याच्याकडून काढून घ्या. मशीनवाल्याचा राउटरही बसू द्या, पण तो चालू-बंद करायची चावी तुमच्या मेंटेनन्स सुपरवायझरच्या खिशात हवी आणि ते मशीन ऑफिसच्या नेटवर्कला लागलेलं नको. एनीडेस्क चांगलं की टीमव्ह्यूअर, या वादात फार अर्थ नाही. दार चोवीस तास उघडं आहे का, ते नेमक्या कुणाच्या नावावर आहे, आणि आत आलेला माणूस कुठवर फिरू शकतो, एवढं तपासा.

३३८९ पासून सुरुवात करू, कारण तिघांत तोच सर्वांत वाईट. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं क्रमांक दिलेलं दार; हे दार विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून विंडोज चालवायच्या सोयीचं. राउटरवर तो बाहेरच्या आयपीवर उघडला की पुण्याच्या इंजिनियरसाठीच उघडतो असं नाही, अख्ख्या जगासाठी उघडतो. इंटरनेटवरचे सगळे आयपी पत्ते सतत चाळत बसणारे प्रोग्राम आहेत. त्यांना तुमची कंपनी कोणती याच्याशी देणंघेणं नसतं. पोर्ट उघडल्यावर बहुतेक वेळा त्याच दिवशी सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६२५ दिसू लागतात, म्हणजे चुकलेली लॉगिनं: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, युजर, टेस्ट, बॅकअप. पासवर्ड कंपनीचं नाव, ॲट आणि १२३ असा असेल तर तो सापडायला वेळ लागत नाही.

यावर ईआरपीवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘मग पोर्ट बदलून ३३९० करू.’ त्याने काही साधत नाही. रिमोट डेस्कटॉप कुठल्याही पोर्टवर ठेवला तरी पहिल्याच उत्तरात स्वतःची ओळख देतो, आणि चाळणारे प्रोग्राम सगळे पोर्ट चाळतात. लॉग जरा कमी भरतो, एवढाच फरक. लॉगवरून आठवलं: विंडोज १० मध्ये सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार २० एमबी आहे. पासवर्डांचा मारा चालू असला की हा लॉग थोड्याच दिवसांत भरून जुन्या नोंदींवर नव्या चढतात. काहीतरी घडल्यावर माणूस लॉग उघडतो तेव्हा नेमका हवा तो दिवस पुसला गेलेला असतो. आकार वाढवून १ जीबी करणं दोन मिनिटांचं काम आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मॅक्झिमम लॉग साइझ.

पासवर्ड कितीही भक्कम असला तरी खुद्द रिमोट डेस्कटॉपमध्येच भोक निघू शकतं. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचा दोष बाहेर आला, तेव्हा विंडोज ७, एक्सपी, सर्व्हर २००३ आणि २००८ अशा मशीनमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा सपोर्ट बंद झालेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला, यावरून गांभीर्य ओळखा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ज्यांनी जादा मुदतीच्या अपडेटची नोंदणी केलेली नाही, त्यांच्यासाठी पुढच्या दोषाला पॅच येणार नाही.

आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत आणखी एक भानगड हमखास सापडते. सर्व्हर म्हणून ठेवलेला डबा खरं तर विंडोज १० प्रो असतो आणि एका वेळी चार-पाच जणांना टॅली चालवता यावी म्हणून कुणीतरी त्यावर आरडीपी रॅपर (रिमोट डेस्कटॉपवरची एका वेळी एकाच माणसाची मर्यादा उडवणारा प्रोग्राम) टाकलेला असतो. हे लायसन्सच्या दृष्टीने बेकायदा, ते एक झालंच. पण अँटिव्हायरस त्याला पकडतो म्हणून टाकणाऱ्याने ते अख्खं फोल्डर, कधीकधी अख्खा सी ड्राइव्ह, तपासणीतून वगळून ठेवलेला असतो. मग आत शिरणाऱ्याला अँटिव्हायरस बंद करायचे कष्टही पडत नाहीत. सर्व्हरवर डिफेंडरच्या (विंडोजच्या अँटिव्हायरसच्या) एक्स्क्लूजनची, म्हणजे वगळलेल्या गोष्टींची, यादी आजच उघडून पाहा.

आत शिरलेला माणूस पहिल्या दिवशी फाइली लॉक करत नाही. आधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढतो, दुसऱ्या मशीनवर तोच ॲडमिन पासवर्ड चालतो का बघतो, बॅकअप कुठे जातो ते शोधतो. मग विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजने आपोआप ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) पुसतो, नेटवर्कवर जोडलेला बॅकअप ड्राइव्ह आधी लॉक करतो आणि शेवटी टॅलीचा डेटा आणि ड्रॉइंगचं फोल्डर. त्यासाठी सुट्टीची रात्र निवडतो. दिवाळीत धनत्रयोदशीनंतर आपले कारखाने बंद होतात ते लाभपाचमेला उघडतात. इतके दिवस सर्व्हर चालू, नेट चालू आणि बघायला कुणी नाही. उत्तरायणाच्या जोडसुट्टीचंही तेच. सुट्टीवर जाताना बाहेरून येण्याचे सगळे रस्ते राउटरवरच बंद करून जायचे, ही सवय कुठल्याही महागड्या फायरवॉलपेक्षा स्वस्त पडते.

आता ईआरपीवाल्याला काय द्यायचं ते. स्टॅटिक आयपी घ्यायला हरकत नाही, पण त्यावर पोर्ट फॉरवर्ड करायचा नाही, म्हणजे बाहेरचा पोर्ट थेट सर्व्हरला जोडायचा नाही. राउटरवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद खासगी रस्ता, उभारा. त्यासाठी मी वायरगार्ड हा व्हीपीएन सुचवेन. त्याचं साधं कारण असं की योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्या प्रोग्रामांना तिथे काही आहे हेच कळत नाही. मायक्रोटिकच्या राउटरवर राउटरओएस ७ पासून ही सोय आतच आहे, त्यामुळे वेगळं लायसन्स लागत नाही. मांडणी साधारण अशी. वायरगार्डचा इंटरफेस यूडीपी ५१८२० वर. व्हीपीएनचे पत्ते १०.७७.०.० च्या रांगेत. ईआरपीच्या प्रत्येक इंजिनियरला त्याची स्वतःची किल्ली आणि स्वतःचा पत्ता, एकाला १०.७७.०.११, दुसऱ्याला १०.७७.०.१२. राउटरच्या पीअरच्या (जोडणाऱ्या प्रत्येकाच्या) नोंदीत त्या पत्त्याला /३२ (म्हणजे तेवढा एकच पत्ता) लावा आणि कॉमेंटमध्ये माणसाचं नाव लिहा. मग फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीत (राउटरमधून पुढे जाणाऱ्या वाहतुकीच्या नियमांत) पहिला नियम: या दोन पत्त्यांवरून फक्त सर्व्हरच्या आयपीकडे, फक्त टीसीपी ३३८९. त्याखाली दुसरा नियम: वायरगार्डच्या इंटरफेसवरून आलेलं बाकी सगळं अडवा. हा क्रम उलटा लागला तर काहीच चालत नाही, आणि दुसरा नियम राहिला तर सगळंच चालतं, जे जास्त वाईट. कारण काम सुरळीत होत असल्याने कुणाच्या लक्षातच येत नाही.

तीन ठिकाणी लोक इथे अडखळतात. एक, फॉरवर्डचे नियम नीट असतात, पण इनपुट साखळी (खुद्द राउटरकडे येणाऱ्या वाहतुकीचे नियम) उघडी राहते. मग व्हीपीएनवरून आलेला माणूस सर्व्हरच्या पलीकडे जाऊ शकत नाही, पण खुद्द राउटरचं लॉगिन पान उघडू शकतो. तेही अडवायचं. दोन, इंजिनियरच्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ‘अलाउड आयपी’ म्हणून तुमच्या सर्व्हरचा एकच पत्ता लिहून दिला की काम झालं असं वाटतं. ती ओळ तो स्वतः बदलू शकतो. अडवणूक तुमच्या राउटरवरच व्हायला हवी. तीन, तुमचं लॅन (ऑफिसातलं नेटवर्क) १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० असेल तर इंजिनियरच्या घरच्या ब्रॉडबँडचंही बहुतेक तेच असतं. मग व्हीपीएन जोडला जातो पण सर्व्हर सापडत नाही, अर्धा दिवस झटापट होते आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ द्या, पोर्टच उघडा.’ त्यापेक्षा एका रविवारी स्वतःचं लॅन १९२.१६८.८७.० सारख्या कमी वापरातल्या रांगेवर न्या. प्रिंटर आणि बायोमेट्रिक मशीनचे आयपी हाताने बदलावे लागतील, तेवढा वेळ धरून ठेवा.

तुमचा इंटरनेटवाला खरा पब्लिक आयपी देत नसेल, म्हणजे अनेक ग्राहक एकाच आयपीमागे ठेवत असेल, तर टेलस्केलसारखी सेवा वापरा; तीही आतून वायरगार्डच आहे. पण तिथेही कोण कुठे जाऊ शकतो याची यादी आखून द्यावी लागते, नाहीतर मूळ मांडणीत सगळे सगळ्यांना दिसतात.

वायरगार्डची उणीवही सांगायला हवी. त्यात ओटीपी नाही. किल्लीची फाइल लॅपटॉपवर पडलेली असते. लॅपटॉप गेला की किल्ली गेली. म्हणून पीअर एरवी बंद ठेवायचा. इंजिनियरने फोन करायचा, तुमच्या माणसाने पीअर चालू करायचा, काम झालं की बंद. मायक्रोटिकच्या ॲपमधून हे मोबाइलवरूनही होतं. ईआरपीवाले आठवडाभर कुरकुर करतील, मग सवय होईल. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही इंधनाची पाइपलाइन काही दिवसांसाठी बंद पडली, ती एका व्हीपीएन अकाउंटमुळे. ते अकाउंट वापरातच नव्हतं, पण चालू राहिलं होतं, त्याला दुसरी कुठली पडताळणी नव्हती आणि पासवर्ड कुठून तरी फुटला होता.

व्हीपीएनच्या आत आल्यावरही सर्व्हरवर इंजिनियरचं साधं अकाउंट हवं, ॲडमिनचं नको. ते ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या गटात टाकलं की पुरतं. अपडेट बसवताना ॲडमिन पासवर्ड मागितला तर तो तुमच्या माणसाने टाकायचा. ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली ‘डिव्हाइस अँड रिसोर्स रीडायरेक्शन’ नावाचा भाग आहे; तिथे ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड दोन्ही बंद करा. हे चालू असलं की त्याच्या लॅपटॉपचा डी ड्राइव्ह तुमच्या सर्व्हरवर दिसतो आणि फाइली दोन्ही दिशांना जातात. तुमची ग्राहकयादी बाहेर, त्याच्याकडचा व्हायरस आत. चुकीच्या पासवर्डवर अकाउंट लॉक करण्याचं धोरणही लावा, दहा चुका आणि पंधरा मिनिटं. विंडोजच्या मूळ ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटला हे कुलूप वर्षानुवर्षं लागतच नव्हतं. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून ती सोय आली, पण जुन्या मशीनवर ती धोरणात जाऊन स्वतः चालू करावी लागते. ते अकाउंटच बंद करून वेगळ्या नावाचं ॲडमिन ठेवणं अधिक बरं.

ईआरपीवाले पुढे कधीतरी हेही म्हणतील की मालकांना मोबाइलवर रिपोर्ट हवेत, तेव्हा एसक्यूएलचा (डेटाबेसचा) १४३३ पोर्ट उघडा. नाही. आणि डेटाबेसच्या मुख्य ‘एसए’ अकाउंटचा पासवर्ड त्यांच्या प्रत्येक ग्राहकाकडे सारखाच नाही ना, हे त्यांना तोंडावर विचारा. एसए म्हणजे फक्त डेटा वाचणं नव्हे. त्या अधिकाराने सर्व्हरवर विंडोजचे आदेशही चालवता येतात.

आता टॅलीवाले भाई. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण त्यांच्याकडे चाळीस-पन्नास ग्राहक असतात आणि सगळ्यांचे एनीडेस्क आयडी नि पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये असतात. पासवर्ड बहुधा सगळीकडे एकच, कारण लक्षात ठेवायला सोपा. ती शीट तीन मुलांच्या फोनवर असते. त्यातला एक नोकरी सोडून दुसरीकडे गेला तरी शीट त्याच्यासोबत जाते. म्हणजे तुमची सुरक्षितता त्यांच्यातल्या सगळ्यांत निष्काळजी मुलाच्या फोनवर अवलंबून. कधी दोष त्यांचाही नसतो. जुलै २०२१ मध्ये कासेया या कंपनीच्या, दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पसरलं. कासेयाचे पन्नास-साठ थेट ग्राहक सापडले, पण त्यांच्यामागचे धंदे धरून बाधित झालेले आठशे ते पंधराशेच्या दरम्यान होते, आणि स्वीडनमध्ये कूप या साखळीची शेकडो दुकानं बिलिंग बंद पडल्याने मिटावी लागली. एनीडेस्कनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर करून वेब पोर्टलचे सगळ्यांचे पासवर्ड रद्द केले होते.

म्हणून पासवर्डने आपोआप आत येण्याची सोयच बंद करायची. एनीडेस्कच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी, तिथे ‘अनअटेंडेड ॲक्सेस’ची खूण काढा. त्याच जागी साठवलेली टोकन पुसण्याचं बटण असतं, तेही दाबा. हे विसरू नका, कारण समोरच्याने कधीतरी ‘यापुढे आपोआप लॉगिन’वर टिक केलेलं असेल तर त्याच्याकडे टोकन पडलेलं असतं आणि त्याला पासवर्ड टाकावाच लागत नाही. ‘इंटरॲक्टिव्ह ॲक्सेस’ला ‘एनीडेस्कची खिडकी उघडी असेल तेव्हाच’ हा पर्याय निवडा. ॲक्सेस कंट्रोल लिस्टमध्ये फक्त भाईंच्या कंपनीचे आयडी लिहा. परवानग्यांमध्ये फाइल ट्रान्सफर, क्लिपबोर्ड, टीसीपी टनेल आणि प्रायव्हसी मोड बंद. प्रायव्हसी मोड मुद्दाम सांगतो आहे: त्यात तुमच्याकडचा स्क्रीन काळा होतो आणि समोरचा काय करतो ते दिसत नाही. टॅलीच्या दुरुस्तीला त्याची गरज शून्य. शेवटी सेटिंगला ॲडमिनचं कुलूप लावा. आयडीची यादी केल्यावर पहिली तक्रार येईल की आज दुसऱ्या लॅपटॉपवरून बसलोय, आयडी वेगळा आहे. तो आयडी फोनवर विचारून यादीत वाढवा. कंटाळून यादीच बंद करू नका. एक गोष्ट सरळ सांगायला हवी: एनीडेस्कची फुकट आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे, कंपनीच्या कामासाठी लायसन्स लागतं. ते भाईंनी घेतलंय का, विचारा.

आधी कोण कधी आलं हे पाहायचं असेल तर सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटा या लपलेल्या फोल्डरात एनीडेस्कचं फोल्डर आहे, त्यात कनेक्शन ट्रेस नावाची साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, समोरच्याचा आयडी आणि आत कसा आला ते: माणसाने होकार दिला, पासवर्ड वापरला की टोकन. रात्री साडेअकराची ‘पासवर्ड’ किंवा ‘टोकन’ अशी ओळ दिसली तर दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा, काल काय काम होतं.

एनीडेस्कवर आलेला माणूस फक्त टॅली बघतो हा भ्रम काढून टाका. त्या क्षणी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला जे जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं. अकाउंट्सच्या ताईंच्या मशीनवर काय काय उघडं असतं? बँकेचं पान, जीएसटी पोर्टल, क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड आणि मागे यूएसबीत कायम खुपसलेलं डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन. टोकनचा पिन मॉनिटरला चिकटवलेला, किंवा कारखान्यातून आलेला १२३४५६७८ तसाच. संचालकांची सही दुरून करायला आणखी काय लागतं? टोकन वापर झाला की काढून कपाटात, पिन बदललेला, आणि रिमोट सुरू करण्याआधी ब्राउझर पूर्ण बंद. शक्य असेल तर टॅलीच्या रिमोट कामासाठी एक जुना कॉम्प्युटर वेगळाच ठेवा, ज्यावर बँक आणि मेल कधीच उघडत नाही.

सीएंना तर स्क्रीन द्यायचीच गरज नाही. टीएसएस (टॅलीची वार्षिक वर्गणी) चालू असेल तर टॅलीतच त्यांच्यासाठी टॅली.नेट युजर तयार होतो. ते त्यांच्या टॅलीतून तुमची कंपनी उघडतात आणि तुम्ही ठरवलेल्या अधिकारांपुरतंच पाहतात. दुरुस्तीला येणाऱ्यालाही टॅलीत ॲडमिन म्हणून बसवू नका, त्याच्या नावाचा युजर करा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग असलेलंच हिशेबाचं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. व्हाउचर कुणी बदललं हे त्यात कायमचं नोंदलं जातं. भाईंनी ॲडमिन नावाने चार एंट्र्या ‘नीट’ केल्या तर ऑडिटमध्ये त्या तुमच्या नावावर दिसतील, आणि खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल.

फोन करून कुणी एनीडेस्क टाकायला सांगतं तो वेगळा प्रकार. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना त्याबद्दल सावध केलं होतं. २०२४ मध्ये याची नवी तऱ्हा निघाली: आधी मेलबॉक्सवर शेकडो फालतू मेल सोडायचे, मग ‘आयटीतून बोलतोय, दुरुस्त करून देतो’ म्हणून विंडोजमधलंच क्विक असिस्ट उघडायला लावायचं. त्यात काही डाउनलोड करावं लागत नाही, त्यामुळे संशय येत नाही. ऑफिसात एकच नियम ठेवा. समोरून आलेल्या फोनवर रिमोट नाही. आपण आपल्या डायरीतल्या नंबरवर परत फोन करायचा. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक मशीनवर बसवलेल्या प्रोग्रामांची यादी पाहा: टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप. ‘त्या दिवशी एनीडेस्क चालत नव्हतं म्हणून दुसरं टाकलं’ असं म्हणत ही मंडळी मागे राहून जातात.

मशीनवाल्याच्या राउटरकडे लोक कमी लक्ष देतात, कारण तो पॅनेलच्या आत असतो आणि त्याचं बिलही मशीनवालाच भरतो. अडचण अशी की सिमकार्डचा राउटर तुमच्या फायरवॉलला वळसा घालून थेट बाहेर जातो. त्यातच प्रोग्राम पाठवायला मशीनला ऑफिसच्या लॅनची केबलही जोडलेली असते. म्हणजे एका मशीनचे दोन पाय, एक बाहेर, एक आत, आणि मध्ये विंडोज ७ वर चालणारा एचएमआय (मशीन चालवायचा स्क्रीन) ज्याला कुणी कधी अपडेट केलेलं नाही. बाहेरून येणारा मशीनवर उतरतो आणि तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत चालत जातो. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकान-साखळीत २०१३ मध्ये चार कोटी कार्डांचा डेटा गेला, तेव्हा चोर शिरले होते एसी-रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनवरून.

मशीनच्या आतलं तर आणखी कच्चं असतं. मॉडबस (मशीनचे भाग एकमेकांशी बोलतात ती जुनी पद्धत), पोर्ट ५०२, यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. जो पोहोचला त्याने लिहावं. एचएमआयवर साधं व्हीएनसी (स्क्रीन दुरून चालवायचा प्रोग्राम) असेल तर त्याचा जुना पासवर्डप्रकार पहिली आठच अक्षरं तपासतो, पुढे कितीही लांब लिहा. आणि इथे फक्त डेटाचा प्रश्न नाही. दार उघडं ठेवून ऑपरेटर जॉब बसवत असताना राजकोटहून कुणी पॅरामीटर बदलला किंवा एखादं आउटपुट जबरदस्तीने चालू केलं, तर हात जातो.

त्यामुळे मशीनवाल्याकडून पुढच्या गोष्टी मान्य करून घ्या. रिमोटच्या डब्याला बाहेरचं कनेक्शन चालू-बंद करणारं डिजिटल इनपुट असतं, उदाहरणार्थ ईवॉनच्या कोझीला आहे. त्याला पॅनेलच्या दारावर चावीचा स्विच जोडायचा आणि रिमोट चालू असताना पेटणारा दिवा लावायचा. तशी सोय नसलेला डबा असेल तर त्याच्या २४ व्होल्टच्या पुरवठ्यातच स्विच टाका. चावी फिरवण्याआधी ऑपरेटर मशीनपासून बाजूला, आणि रिमोट चालू असेपर्यंत एक माणूस इमर्जन्सी स्टॉपजवळ उभा. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पॅरामीटर, लॅडर (मशीनच्या कंट्रोलचा प्रोग्राम) आणि ऑफसेटचा बॅकअप घ्यायचा. दोन्हींची तुलना केली की त्याने नक्की काय बदललं ते कळतं. तिन्ही सीएनसी वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरिंगवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कवर) टाका, आणि त्या व्हीलॅनमधून ऑफिसकडे काहीच जाऊ देऊ नका. प्रोग्रामची फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरने मशीनकडे ढकलायची, मशीनने ऑफिसचं शेअर फोल्डर उघडायचं नाही. हे सगळं मान्य करून घ्यायची वेळ म्हणजे शेवटचा हप्ता देण्याआधी. पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ असली तर उत्तम. मशीन उभं राहून पैसे गेल्यावर तुमच्या शब्दाला वजन उरत नाही.

करारावर थोडंसं. तिघांच्याही एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) चार गोष्टी लिहून घ्या: रिमोट वापरणाऱ्या माणसांची नावं, त्यातल्या कुणी नोकरी सोडली तर २४ तासांत कळवणं, तुमचे पासवर्ड इतर ग्राहकांसारखे न ठेवणं, आणि त्यांच्याकडे घुसखोरी झाली तर त्याच दिवशी तुम्हाला सांगणं. शेवटची ओळ फार महत्त्वाची, कारण सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. २० एमबीच्या लॉगमध्ये १८० दिवस मावणार नाहीत, हे ओघानेच आलं.

पैसे आणि वेळ मर्यादित असेल तर क्रम असा ठेवा. आज संध्याकाळी राउटर उघडून पोर्ट फॉरवर्डची यादी पाहा आणि यूपीएनपी (उपकरणांना राउटरवर आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा; पूर्वीच्या सीसीटीव्हीवाल्याने किंवा जुन्या टॅलीवाल्याने उघडलेलं काही ना काही तिथे बहुधा सापडतंच. सर्व्हरवर लोकल युजर्सची यादी काढा, ओळख न पटणारं नाव बंद करा, पुसू नका, कारण ते कधी बनलं हे शोधायला लागेल. एनीडेस्कचे पासवर्ड आणि टोकन उद्या सकाळी. व्हीपीएन आणि व्हीलॅन येत्या आठवड्यात.

बॅकअपची हार्ड डिस्क मात्र आजच काढून ठेवा. ती सर्व्हरला कायम जोडलेली असेल तर सर्व्हरबरोबर तीही लॉक होईल. दोन डिस्क घ्या, आठवड्याआड बदला, न वापरातली कारखान्याबाहेर. महिन्यातून एकदा त्यातली टॅली कंपनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून कालच्या तारखेचं लेजर उघडतं का पाहा. ड्रॉइंगची एक मोठी फाइलही उघडा. कॉपी झाली असा संदेश येतो आणि फाइल शून्य केबीची निघते, असं होतं.

आणि कधी सकाळी येऊन फाइलींची नावं बदललेली दिसलीच, तर सर्व्हर बंद न करता नेटवर्कची केबल काढा. सगळ्या मशीनची काढा, वायफाय बंद करा, बॅकअप डिस्क जोडून ‘बघू चालतं का’ असं करू नका. मशीन चालू राहिलं तर मेमरीत सापडण्यासारखं काही उरतं. बँकेतून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बँकेला त्याच्या पाठोपाठ. पासवर्ड बदलायचे ते त्या ऑफिसबाहेरच्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून, आणि सगळ्यांत आधी मेलचा, कारण बाकीचे सगळे पासवर्ड त्याच मेलवरून परत मिळवता येतात.